पावणेपाचची बाटली

“झोपत नाही असं नाही हो ताई. झोपते. पण पावणेपाचला उठते, आणि एकदा उठली की दिवस सुरू.”

एवढं सांगताना आईने दोनदा जांभई आवरली. मांडीवरची सतरा महिन्यांची लेक टक्क जागी होती, माझ्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे झेपावत होती. आई दादरला एका बँकेत कॅश काउंटरला बसते. बाबा तळोज्याला कारखान्यात जनरल शिफ्टला जातात. घर डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून शेअर रिक्षाने पंधरा मिनिटांवर, वन बीएचके. आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, कोकणात गावी असतात. सणावाराला आणि अडीअडचणीला येतात. मी एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात पालक-समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वेळा मात्र त्यांच्या वहीतल्याच ठेवल्या आहेत.

आई लेकीच्या झोपेसाठी आलीच नव्हती खरं तर. आदल्या आठवड्यात तिच्या काउंटरला कॅश पाच हजारांनी शॉर्ट आली होती. पाचशेच्या दहा नोटा कुणाला तरी जास्त गेल्या. पैसे तिने स्वतःच्या खिशातून भरले. दोन दिवसांनी फास्ट लोकलमध्ये तिला बसायला जागा मिळाली, डोळा लागला, आणि दादर कधी गेलं ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा गाडी सीएसएमटीला उभी होती आणि एक बाई तिचा खांदा हलवत होत्या. “त्या दिवशी मी फलाटावरच्या बाकावर बसून रडले,” ती म्हणाली. “मला वाटलं, मला काहीतरी झालंय. तुम्ही मला काही गोळी सुचवता का, ते विचारायला आले.”

गोळी मी देऊ शकत नाही. पण ती किती झोपते हे विचारलं. रात्री साडेअकरा ते पहाटे पावणेपाच. सव्वापाच तास, आणि मध्ये एकदोनदा लेकीचं दुलईतून बाहेर येणं, पाय झाडणं, कुरकुरणं. गेले सात महिने हेच. मुलीला बरं नसलं की आई दवाखान्यात येते. आईला बरं नसतं तेव्हाही ती मुलीलाच घेऊन येते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी पहिला प्रश्न आईलाच विचारते.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली, ती आधी सांगते. लेक रात्री दहाच्या सुमाराला झोपत होती. या वयाला ते फार उशिरा. लहान मूल दमून गेलं की त्याची झोप आणखी तुटक होते, हे आम्ही नेहमी पाहतो. म्हणून मी वही वगैरे मागायच्या आधीच सांगून टाकलं, “साडेआठला झोपवा, पहाटेचं आपोआप पुढे सरकेल.” त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं सोडून चार दिवस ते केलं. लेक साडेआठला झोपली आणि पहाटे तीन पन्नासला उठली. चौथ्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा आवाजातच कळलं. “ताई, आता तर चारच्या आधीच उजाडायला लागलंय आमच्याकडे.”

मी माफी मागितली आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. शाळेची असते तशी एक दोनशेपानी वही घ्यायला सांगितली. दहा दिवस फक्त लिहायचं, काही बदलायचं नाही. पाळणाघरातल्या काकूंनाही एक कागद दिला.

वहीतला एक दिवस जसाच्या तसा:

“४.३० पाणी आलं. ह्यांनी मोटर लावली. ४.४० उठली. बाटली, पूर्ण संपवली. ५.०० माझ्याबरोबर किचनमध्ये. ७.२५ पाळणाघर. (काकू: ८.१५ ला पेंगायला लागली, झोपवली, पावणेदहाला उठली. उपमा दोन चमचे.) दुपारी १.१५ ते ३.१५ झोप. बाटली. ६.३० बाबांनी आणलं, स्कूटरवर खांद्यावर डोकं, १५-२० मि. झोप. मी ७.३५ ला घरी. वरणभात थोडा, भिरकावला. ९.३० बाटली. ९.५० झोपली.”

बेरीज केली तर रात्रीचे सहा तास पन्नास मिनिटं, सकाळचा दीड तास, दुपारचे दोन तास, स्कूटरवरची वीस मिनिटं. एकूण दहा तास चाळीस मिनिटं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे लेक कमी झोपत होती, पण फार कमी नाही. झोप होती, ती भलत्या ठिकाणी विखुरली होती.

आता मोटरचं. त्यांच्या इमारतीला पाणी पहाटे साडेचार ते सव्वापाच एवढाच वेळ जोरात येतं. मोटर पॅसेजमध्ये, आणि पॅसेजची भिंत म्हणजे झोपायच्या खोलीची भिंत. गादी नेमकी त्या भिंतीला लागून. बाबांना खात्री होती की सगळा दोष मोटरचा. मलाही आधी तसंच वाटलं. पण वहीच्या दहा दिवसांत दोन दिवस पाणीच आलं नव्हतं. मोटर नाही, बादल्यांचा आवाज नाही, बाबा साखरझोपेत. तरी लेक एकदा ४.४५ ला आणि एकदा ४.३५ ला उठली. त्या दोन नोंदींनी मला विचार बदलायला लावला. मोटरने कधीतरी सुरुवात करून दिली असेल. आता मोटर नसली तरी तिचं शरीरच त्या वेळेला तिला उठवत होतं.

हे कसं होतं ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. दिवसभर जागं राहिलं की झोपेची भूक वाढत जाते, आणि झोपेत ती भागत जाते. पहाटे चारच्या पुढे ही भूक बरीचशी भागलेली असते. मग झोप टिकते ती शरीरातल्या घड्याळावर, अंधार आहे, अजून रात्र आहे, या जोरावर. शिवाय लहान मुलांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं, मोठ्यांचं दीड तासाचं. म्हणजे ती आपल्यापेक्षा जास्त वेळा झोपेच्या काठावर येतात. पहाटे काठावर आलेल्या मुलाला एक बादली आपटलेलीही पुरते. आणि रोज त्याच वेळी उठल्यावर हातात दूध, डोळ्यांवर ट्यूबलाइट आणि समोर आई असेल, तर पोटही त्या वेळेला भूक लावायला शिकतं, मेंदूही त्याला सकाळ समजायला शिकतो.

आपल्या घड्याळाचा एक घोळ इथे लक्षात घ्यावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. डोंबिवली त्र्याहत्तरच्या आसपास. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३८ मिनिटं मागे असतो. घड्याळात पावणेपाच होतात तेव्हा डोंबिवलीच्या आकाशाच्या हिशोबाने चार वाजून काही मिनिटंच झालेली असतात. ही भेट डिसेंबरातली, त्या दिवसांत इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो. लेक उठत होती ती सकाळ नव्हतीच. “पहाटे उठणारं पोर भाग्याचं,” असं आजी फोनवर म्हणत होत्या. गावाकडे नऊला निजानीज होणाऱ्या घरात ते खरंही असेल. इथे आई साडेअकराला पाठ टेकत होती.

वहीतला दुसरा धागा काकूंच्या कागदावर होता. सव्वाआठची झोप. पाळणाघरात आठपर्यंत नऊ मुलं येतात, काकूंना नाश्ता करायचा असतो, पेंगणारं मूल झोपलं तर त्यांना हायसंच वाटतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पावणेपाचला उठून साडेतीन तासांत पुन्हा दीड तास झोपणं, ही दिवसाची झोप नव्हे. ती रात्रीचीच उरलेली झोप. रात्रीचा शेवटचा तुकडा पहाटेऐवजी पाळणाघरात पडत होता आणि तिथे तो बिनबोभाट मिळतो म्हटल्यावर शरीराला पहाटे तो पुरा करायची गरजच उरत नव्हती. मी लवकर झोपवायला सांगितलं तेव्हा ती आणखी लवकर का उठली, त्याचंही उत्तर यातच होतं. रात्र दीड तास आधी सुरू झाली, सकाळची झोप होती तिथेच राहिली, आणि अख्खी रात्र नुसती मागे सरकली.

तिसरा धागा बाटलीचा. दिवसाला तीन बाटल्या, प्रत्येकी अडीचशे मिली. साडेसातशे मिली दूध पिणारं सतरा महिन्यांचं मूल उपमा दोन चमचे खाणार आणि वरणभात भिरकावणारच. पोट भरलेलं असतं. गाईम्हशीच्या दुधात लोह नगण्य, आणि जास्त दूध लोहाच्या आड येतं. रात्री पाय झाडणं, कूस बदलत राहणं हे ऐकल्यावर डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. कान, घसा, घोरणं, जंत, सगळं पाहिलं. हिमोग्लोबिन १०.१ निघालं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११ च्या खाली गेलं तर आपल्याकडच्या सर्वेक्षणांत तो रक्तक्षय धरला गेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातली या वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती, तेव्हा ही लेक काही वेगळी नव्हती. लोह कमी असलं की मुलांची झोप अस्वस्थ होऊ शकते. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लोहाचे थेंब सुरू केले. हे थेंब कुणी शेजारणीच्या सांगण्यावरून आपल्या मनाने देऊ नयेत, आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. जास्त झालेलं लोह लहान मुलांना घातक ठरतं.

मग योजना आखली. इंटरनेटवर या विषयावर सापडतं त्यातलं बहुतेक सगळं मुलाला वेगळी खोली आणि वेगळा पाळणा आहे असं गृहीत धरून लिहिलेलं असतं. दार लावून घ्या, इतकी मिनिटं थांबा, मग आत जा. आमच्या डोंबिवलीत दार कुठलं लावायचं? तिघं एकाच गादीवर ओळीने झोपतात आणि मुलाला एकटं टाकून रडू देणं कुणाला पटत नाही. मलाही पटत नाही. पण ओळ बदलता येते. लेक भिंतीकडे, मग आई, मग बाबा अशी ओळ होती. गादी मोटरच्या भिंतीपासून ओढून समोरच्या भिंतीला लावली आणि आई एका टोकाला, मध्ये बाबा, पलीकडे लेक अशी ओळ केली. लेक काठावर येऊन हात पसरते तेव्हा हाताला लागणारं माणूस बदललं. पंखा रात्रभर एकाच वेगात ठेवला, थंडी असली तरी, दुलई वाढवून. त्याच्या घरघरीत मोटरची घरघर थोडी विरते.

बाबा आधी कचरले. “मला नाही जमत तिला झोपवायला. आईच लागते तिला.” हे मी शेकडो बाबांकडून ऐकलंय आणि त्यात लबाडी नसते. त्यांना खरंच जमत नसतं, कारण कधी वेळच आलेली नसते. मी तिघांचा पावणेपाच ते साडेसातचा वेळ कागदावर मांडला. आईच्या रकान्यात दूध, कणीक, भाजी, अकरा पोळ्या, तीन डबे, लेकीची अंघोळ, पाळणाघराची पिशवी, स्वतःचं आवरणं. बाबांच्या रकान्यात मोटर, बादल्या, पिंप, मग अर्धा तास पडणं, अंघोळ. बाबा बराच वेळ तो कागद बघत बसले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं त्या कामात जातात आणि पुरुषांचे ९७, असं निघालं होतं. मी तो आकडा त्यांना सांगितला नाही. त्यांच्याच घराचा कागद पुरेसा होता.

ठरलं ते असं. पहाटे लेक उठली तर उजेड करायचा नाही, किचनमध्ये न्यायचं नाही, दूध द्यायचं नाही. बाबांनी तिला जवळ घेऊन थोपटत “अजून रात्र आहे” एवढंच म्हणत राहायचं. पाणी भरायला आईने उठायचं. (यावर आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण पाणी पंचेचाळीस मिनिटांत भरून होतं आणि ती पुन्हा पडू शकते, हे तिच्या लक्षात आलं.) पहाटेच्या बाटलीतलं दूध दर दोन दिवसांनी तीस मिलीने कमी करायचं, ते सहा वाजल्यानंतर पेल्यातून द्यायचं. पाळणाघरातली सकाळची झोप दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकलायची. काकूंशी मी स्वतः बोलले. “अहो ती आपोआप मान टाकते, मी काय करू?” त्या म्हणाल्या. मग त्यांनीच तोडगा काढला. सव्वाआठला तिला गॅलरीत उन्हात न्यायचं, कबुतरांना दाणे टाकायला लावायचं. सकाळचं ऊन शरीराच्या घड्याळाला इतकं काही सांगतं की माझ्या कुठल्याही कागदापेक्षा त्या गॅलरीने जास्त काम केलं असं मी मानते. दाण्यांच्या जागी कुंड्यांना पाणी घालायला लावा एवढंच मी सुचवलं, कारण कबुतरांची विष्ठा फुप्फुसांना बरी नाही.

पहिले तीन दिवस वाईट गेले. लेक बाबांच्या छातीवर थपडा मारून रडली. आई पिंपाशी उभी राहून रडली. चौथ्या दिवशी लेक पंचवीस मिनिटं रडून पाच वाजून दहा मिनिटांनी पुन्हा झोपली आणि सहाला उठली. बाबांनी मला सहा वाजून दोन मिनिटांनी मेसेज पाठवला, नुसता घड्याळाचा फोटो.

असं वाटेल की आता इथून पुढे सरळ रस्ता. तसं झालं नाही. दहाव्या-बाराव्या दिवसापासून वहीत विचित्र नोंदी दिसायला लागल्या. चार दिवस साडेपाच, मग अचानक ४.४०. पुन्हा दोन दिवस बरं, पुन्हा ४.४५. ज्या दिवशी लवकर उठली त्या दिवशी बाटलीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसायचं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “त्या दिवशी मी नव्हतं घेतलं, हिनेच घेतलं.”

चौथ्या भेटीला आई एकटी आली. मी वही उघडून काही विचारायच्या आधीच ती बोलली.

“ताई, खरं सांगू? मीच उठवते तिला.”

तिने सांगितलं ते असं. पहाटे पाच ते सहा लेक किचनच्या ओट्यावर बसते. आई कणीक मळते आणि एक लिंबाएवढा गोळा लेकीच्या हातात देते. लेक तो तळहातावर दाबते, पिठात बुडवते, आईच्या लाटण्याच्या टोकाला चिकटवते आणि “पोई” म्हणते. तिचा पहिला स्पष्ट शब्द “पोई”. आई नव्हे, बाबा नव्हे, पोळी. आई तो वेडावाकडा तुकडा तव्याच्या कडेला भाजून तिला देते. मग साडेसातला पाळणाघर, आणि संध्याकाळी पावणेआठला आई घरी पोचते तेव्हा लेक दमलेली, किरकिरी. “तो एक तासच आमचा असतो. लेक सहाला उठायला लागली आणि मला वाटलं, माझ्याकडे काही राहिलंच नाही. म्हणून ज्या दिवशी फार वाटतं त्या दिवशी मी दिवा लावते. आवाज करते जरा.”

मी चौदा वर्षं हे काम करते आहे. त्या दिवशी मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. लेक पावणेपाचला उठते ही तक्रार घेऊन आलेल्या बाईला तो पावणेपाचचा तास हवाही होता, आणि मी आखलेल्या योजनेत त्या तासाला कुठे जागाच नव्हती. मी फक्त झोपेचे तास मोजत होते. या मुलीला सातपर्यंत झोपवलं असतं तर माझ्या हिशोबाने प्रकरण यशस्वी, आणि आईच्या हिशोबाने लेकीला झोपेतच उचलून पाळणाघरात टाकायचं.

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे केली, तिचा फायदा या आईला मिळाला होता. त्याच दुरुस्तीत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा आली. कागदावर उत्तम. पण आठच्या फास्टला सतरा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन डोंबिवलीला चढून दाखवा. ज्या शहरात घर एकीकडे आणि नोकरी पन्नास मिनिटांच्या लोकलवर आहे तिथे ऑफिसातलं पाळणाघर बहुतेक आयांच्या कामाचं नाही. त्यामुळे त्या दिवसभरातल्या चार भेटी या आईने पहाटेच्या एका तासात कोंबल्या होत्या, झोप विकून.

आम्ही योजना नव्याने मांडली. लक्ष्य सहा वाजता उठणं, त्यापुढे नाही. सहा ते पावणेसात हा वेळ आई-लेकीचा आणि तो कशानेही भरायचा नाही. म्हणजे तोवर डबे झालेले हवेत. इथे मी ठामपणे म्हटलं, पोळ्या विकत घ्या. डोंबिवलीत गल्लीगल्लीत पोळी-भाजी केंद्र आहे, घरगुती पोळी मिळते, आदल्या संध्याकाळी बाबांनी येताना दहा पोळ्या आणाव्या. आईला अपराधी वाटलं. आजींना फोनवर कळलं तेव्हा त्या दुखावल्या. “विकतच्या पोळ्या डब्यात? मी येऊ का महिनाभर?” आईने तो फोन बाबांकडे दिला. बाबा आजींना म्हणाले, “आई, तू ये, पण पोळ्या करायला नको, नातीशी खेळायला ये.” त्या आल्याही, संक्रांतीला, आणि तीन आठवडे राहिल्या. पहाटे देवघराचा दिवा लावायची त्यांची सवय होती. झोपायच्या खोलीत उजेड जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच दाराला जुनी नऊवारी टांगली. त्यांच्याइतकी शिस्तीने ती योजना आमच्यापैकी कुणीच पाळली नाही.

घरी कणीक मळायची ती फक्त एका वाटीची, सकाळी सहाला, लेकीसाठी.

पुढचं थोडक्यात. पाचव्या आठवड्यात लेकीची सकाळची झोप दुपारच्या झोपेत मिसळून गेली. बारा ते सव्वादोन अशी एकच झोप उरली. पंधरा ते अठरा महिन्यांच्या सुमाराला बहुतेक मुलं दोन झोपांवरून एकीवर येतात, त्यामुळे तेही वयाला धरूनच होतं. संध्याकाळी स्कूटरवर पेंगणं मात्र चुकेना, म्हणून बाबा वाटेत भाजीवाल्याकडे थांबून तिला खाली उतरवायला लागले. वेलचीची केळी ती स्वतः निवडते. बाबांनी सातला जेवण भरवायचं, आई आली की हातपाय धुणं, तेल, आणि पावणेनऊला अंधार. फेब्रुवारीच्या मध्यावर वहीत सरासरी काढली: रात्री ८.५० ते पहाटे ५.५५, दुपारी सव्वादोन तास. एकूण अकरा तास वीस मिनिटं. हिमोग्लोबिन ११.३. दूध साडेचारशे मिलीवर, आणि वरणभात पोटात जायला लागला.

आईची झोप साडेसहा तासांवर आली. पुरेशी नाही, पण सीएसएमटीपर्यंत जाणं थांबलं.

मार्चमध्ये दोनदा गाडी घसरली. एकदा लेकीला सर्दी-ताप आला तेव्हा, आणि तापात आम्ही काहीच पाळायला सांगत नाही. हवं तेव्हा दूध, हवी ती मांडी. बरी झाल्यावर तीन दिवसांत ती पुन्हा सहावर आली. दुसऱ्यांदा मार्चएंडला. आई रात्री साडेनऊला घरी, लेक तिची वाट पाहत जागी, आणि पहाटे पाच. बँकेतल्या आयांना मार्चएंड चुकत नाही, त्यामुळे मी त्या दोन आठवड्यांसाठी कुठलंही लक्ष्य ठेवत नाही. मे महिन्यात पावणेसहाला फटफटायला लागलं तेव्हा खिडकीला गोधडी लावली. ती पावसाळाभर तशीच होती.

शेवटची भेट जूनमध्ये झाली. लेक तेवीस महिन्यांची, दोन शब्दांची वाक्यं करत होती. आईने पिशवीतून एक डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत सकाळच्या दोन छोट्या पोळ्या, एक त्रिकोणी आणि एक कसलाच आकार नसलेली, कडेला थोडी करपलेली. लेकीने बोटाने दाखवलं.

“ताई, खा. पोळी माझी.”

‘ळ’ अगदी स्वच्छ होता.